तेच चॉकलेट, नवा कागद

या आठवड्याचं पत्र नागपूरच्या मानेवाड्यातून आलंय. थोडं कापून देते.

"ताई, नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, घरी चिऊ म्हणतो. दोन वर्षांपूर्वी तिला सिलिअ‍ॅक निघाला (गव्हा-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडतं तो आजार), तेव्हापासून तिचा गहू बंद. तिचं एक चॉकलेट ठरलेलं होतं. साधं दुधाचं, आत वेफर-बिफर काही नाही. परीक्षा संपो की दाताच्या डॉक्टरकडून येणं होवो, तेच. मागच्या आठवड्यात बर्डीवर गेलो, तेच चॉकलेट उचललं, तर मागे नवीन ओळ छापलेली: 'मे कंटेन व्हीट'. मी परत ठेवलं तर ती दुकानातच रडायला लागली. हे म्हणतात, कंपन्या स्वतःच्या बचावासाठी काहीही छापतात, माल तोच आहे. सासूबाई म्हणतात, दोन वर्षं खाऊन राहिली पोट्टी, आता काहून बंद? मला मात्र रात्री झोप नाही. दोन वर्षं मीच तिला गहू चारला का? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जुन्या कागदातली बरीच पाकिटं आहेत, ती घेऊन ठेवू का? पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, वर्गात चॉकलेट वाटायची आहेत. एखादं खात्रीचं नाव सांगा, म्हणजे रोजची कटकट मिटेल. चिऊची आई."

चिऊच्या आई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. नाव मी सांगणार नाही. राग येईल, पण का ते ऐका.

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षांपासून हेच पथ्य पाळणारी बाई आहे. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने एक यादी केली होती आणि फ्रिजवर चिकटवली होती: कोणता चिवडा चालतो, कोणता सॉस, कोणतं चॉकलेट. चॉकलेट तिसऱ्या ओळीवर होतं, पुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण. घरातला कोणीही दुकानात गेला की यादी बघून सामान आणायचा. किती सोय! पुढे कधीतरी त्या चॉकलेटच्या कागदावर एक ओळ वाढली आणि आमच्या घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आम्ही कागद वाचणंच सोडून दिलं होतं. आठेक महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट बिघडून आला, तेव्हा मी ड्रॉवर उपसला, आणि एका चुरगळलेल्या रॅपरवर ती ओळ सापडली. दोष त्या चॉकलेटचाच होता असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, तेव्हा आणखीही एक-दोन गोष्टी चुकत होत्या. पण यादी मी त्याच दिवशी फाडली. आज मी तुम्हाला एक नाव दिलं, तर तुम्ही ते फ्रिजवर लावाल.

आता ती ओळ. आपल्याकडे एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, लेबलिंगचे नियम 2020 साली नव्याने आले. त्यात अ‍ॅलर्जी करणाऱ्या पदार्थांचे गट दिलेत, आणि त्यात पहिलाच ग्लुटेन असलेल्या धान्यांचा: गहू, राय, जव, ओट्स वगैरे. यातलं काही चॉकलेटमध्ये मुद्दाम घातलं असेल तर 'कंटेन्स' म्हणून लिहावंच लागतं, तिथे पळवाट नाही. पण घातलेलं नाही, कारखान्यात दुसऱ्या मालातून चुकून मिसळू शकतं, अशासाठी जी 'मे कंटेन'ची ओळ आहे, तिच्याबद्दल नियमाची भाषा 'लिहिता येईल' अशी आहे. म्हणजे ओळ दिसली तर धोका कंपनीने मान्य केलाय. ओळ नसली तर? धोका नसेल, किंवा कंपनीने तो लिहिला नसेल. कागद बघून या दोन्हींतला फरक तुम्हाला मला कळत नाही.

म्हणजे तुमचे मिस्टर अर्धे बरोबर आहेत, हे त्यांना सांगा, बरं वाटेल. ती ओळ आली म्हणून चॉकलेटची कृती बदललीच असं नाही. कदाचित त्याच कारखान्यात वेफरवालं नवीन चॉकलेट सुरू झालं असेल. कदाचित काहीच सुरू झालं नसेल, नुसता कोणीतरी नव्याने हिशेब मांडून म्हणाला असेल की ही ओळ छापलेली बरी. अशा बऱ्याच पाकिटांत प्रत्यक्षात गहू सापडतही नाही. पण कोणत्या पाकिटात सापडेल आणि कोणत्या नाही, ते खाणाऱ्याला कळायचं कसं? मिसळ झाली तरी ती साखरेसारखी सगळीकडे सारखी विरघळत नाही. दहा पाकिटं कोरी निघतील आणि अकराव्यात वेफरचा तुकडा सापडेल. त्यामुळे 'परवा एक खाल्लं, काही झालं नाही' ही परीक्षा धरायचीच नाही.

चॉकलेटचंच हे का होतं, मशीन धुऊन का घेत नाहीत, असं मलाही वाटायचं. तुम्ही घरी कधी चॉकलेट वितळवलं असेल तर आठवा: खालच्या पातेल्यातल्या वाफेचा एक थेंब त्यात पडला की सगळं आवळतं, रवाळ गोळा होतो. कारखान्यातही पाणी हा चॉकलेटचा शत्रू. नळ्यांमध्ये ओल राहिली तर माल बिघडतो, वर जंतूंची भीती. म्हणून तिथे साबण-पाण्याने धुणं होत नाही सहसा. खरवडतात, पुसतात, किंवा पुढच्या चॉकलेटचा पहिला घाणा त्याच नळ्यांतून सोडून आधीचं ढकलून काढतात. दुपारी वेफरवालं आणि संध्याकाळी साधं, असं एकाच लाइनवर चाललं तर साध्यात काय राहील ते त्या ढकलण्यावर अवलंबून. मूळ चॉकलेटमध्ये गहू कुठेच नसतो हो. कोको, कोको बटर, साखर, दुधाची पावडर, आणि मिश्रण एकजीव ठेवणाऱ्या घटकांचे ते 322, 476 आकडे, तेही निर्धोक आहेत, घाबरू नका. चॉकलेटला गहू शेजाऱ्यांकडून येतो.

आता तुमच्या हातातल्या कागदाकडे या. माझ्यासमोर आत्ता असाच एक आहे, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचतेय, कारण ही अक्षरं मुंगीने काढल्यासारखी असतात. घटकांच्या खाली 'कंटेन्स मिल्क अँड सोया'. त्याखाली निर्मात्याचे पत्ते, आणि पत्ते तीन आहेत. प्रत्येकापुढे कंसात एक अक्षर. शेवटी बारीक सूचना: बनवल्याचं ठिकाण कळण्यासाठी बॅच नंबरचं पहिलं अक्षर बघा. पाकिटाच्या शिवणीवर, जिथे तारीख आणि किंमत ठोकलेली असते, तिथे तो नंबर आहे. म्हणजे बर्डीवर घेतलेलं आणि मेडिकल चौकात घेतलेलं एकाच नावाचं चॉकलेट दोन वेगळ्या राज्यांतल्या कारखान्यांतून आलेलं असू शकतं. एकाच्या शेजारी वेफर चालतं, दुसऱ्याच्या नाही. हे मला कळलं त्या दिवशी मी 'ही कंपनी चांगली' असं म्हणणं सोडलं.

आकार बदलला तरी तेच. त्याच चॉकलेटचा मोठा स्लॅब, छोटी वडी, राखीचा डबा, दिवाळीची पेटी, या चार वस्तू धरा आणि चारही वाचा. दिवाळीच्या पेट्या आत्ता अर्ध्या किमतीत मिळताहेत, मला ठाऊक आहे, मोह होतो. त्यात चार प्रकार एकत्र भरलेले असतात, त्यातलं एखादं वेफरचं असू शकतं.

आणि बरणीतली छोटी चॉकलेटं! पाकिटाचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर त्याच्यावर घटकांची यादी छापण्यातून नियमानेच सूट आहे. यादी असते ती बाहेरच्या मोठ्या पिशवीवर किंवा डब्यावर, आणि दुकानदार ती पिशवी फोडून बरणीत रिकामी करतो. रुपया-दोन रुपयांची जी चॉकलेटं वर्गात वाटली जातात, ती जवळजवळ सगळी याच मापाची. तिच्या हातात येणाऱ्या दहा चॉकलेटांपैकी नऊंवर वाचायला काहीच नसतं, आणि आपण पोरीला सांगतो, 'बेटा, वाचून खात जा.'

जुन्या कागदातल्या पाकिटांचा प्रश्न मला आवडला, कारण मीही ते केलंय. घेऊ नका. निदान उत्तर येईपर्यंत नको. कंपनीने जर नव्या लाइनमुळे ओळ छापली असेल तर जुनी पाकिटं खरंच बरी असतील. पण तीच लाइन, तीच मशीन, फक्त लिहायचं आता ठरवलं असेल, तर जुन्या कागदातला माल नव्या कागदातल्यापेक्षा तसूभरही शुद्ध नाही. कागद जुना म्हणून आतली वडी सुरक्षित होत नाही. शिवाय आत्ता थंडी आहे म्हणून साठवायची बुद्धी होते. मार्च उजाडू द्या, मग बघा नागपूरचं ऊन त्या पाकिटांचं काय करतं. पांढरी साय चढते वर. ते कोको बटर असतं, खायला वाईट नाही, पण चिऊ 'बुरशी आली' म्हणून हात लावणार नाही आणि तीस पाकिटं तुम्हाला एकटीला संपवावी लागतील. अनुभवाचे बोल.

कंपनीला विचारायचं, तेही नीट विचारायचं. पाकिटावर ग्राहक सेवेचा नंबर आणि ईमेल असतो. 'तुमचं चॉकलेट ग्लुटेन फ्री आहे का?' असं विचारलंत तर ठरलेलं वाक्य येईल: आमची सर्व उत्पादने शासनाच्या नियमांनुसार आहेत. हे उत्तर नव्हे, 'फोन ठेवा' म्हणण्याची ही सभ्य रीत आहे. त्याऐवजी असं काहीतरी लिहा: "माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. या बॅच नंबरच्या चॉकलेटवर मे कंटेन व्हीट अशी नवी सूचना आहे. ही सूचना कोणत्या कारखान्याच्या मालासाठी आहे? त्याच लाइनवर गव्हाचा किंवा माल्टचा माल बनतो, की फक्त त्याच इमारतीत? तयार चॉकलेटची ग्लुटेनसाठी तपासणी होते का, आणि ते किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असतं का? जुन्या कागदातला माल याच लाइनवरचा होता का?" सोबत रॅपरचे दोन फोटो, पुढचा आणि शिवणीचा. फोन केलात तरी ते आधी बॅच नंबरच मागतात, म्हणून रॅपर टाकू नका. तपासणीबद्दल हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर आलं तर ती कंपनी कामाची. गोलमोल आलं तर तेही उत्तरच समजा.

तो 20 चा आकडा मी उगाच टाकला नाही. आपल्याकडे 'ग्लुटेन फ्री' असं छापायचं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, आणि जगातल्या बऱ्याच देशांत हाच आकडा आहे. वीस ते शंभरच्या मधल्याला 'लो ग्लुटेन' म्हणतात, ते चिऊसाठी नाही. 'व्हीट फ्री' ही तिसरीच गोष्ट. गहू नाही म्हणजे जव नाही असं थोडंच? परदेशातून कोणी आणलं तर आणखी एक पाचर आहे: अमेरिकेच्या कायद्यातल्या अ‍ॅलर्जीच्या यादीत गहू आहे, पण जव नाही. त्यामुळे तिथल्या पाकिटावर 'कंटेन्स'च्या ओळीत काही नसलं तरी घटकांत माल्ट लपलेलं असू शकतं. आख्खी यादी वाचायची.

माल्टबद्दल एकदाच सांगते, कारण यात सगळे गोंधळतात. 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट', 'बार्ली माल्ट', 'माल्ट फ्लेवर', 'माल्टेड मिल्क' यातलं काहीही दिसलं तर खाली ठेवा, ते जवाचं असतं. कुरमुऱ्यांसारख्या तांदळाच्या दाण्यांचं चॉकलेट असतं ना, त्यात आई लोक फसतात: तांदूळ तर चालतो! पण त्या दाण्यांना चव बहुतेक वेळा माल्टची दिलेली असते. दुधात घालायच्या पावडरी, हॉर्लिक्स, बोर्नव्हिटा, त्याही माल्टच्याच. उलट 'माल्टोडेक्स्ट्रिन' आणि 'माल्टिटॉल' ही नावं ऐकायला भीतीदायक, पण त्यांचा या माल्टशी संबंध नाही, आपल्याकडे ती बहुतेक मक्यापासून येतात. मी पहिली दोन वर्षं माल्टिटॉलवालं चॉकलेट घाबरून परत ठेवत होते.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या पिढीत 'पोट दुखतं' हाच आजाराचा पुरावा. आणि चिऊचं पोट दुखत नसेल तर त्यांना हे सगळं डॉक्टरी थोतांड वाटणारच. त्यांना आकडे सांगून उपयोग नाही, पोळपाट दाखवा. 2007 साली एका अभ्यासात पथ्यावरच्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्याने आतड्यावर परिणाम दिसला. 50 मिलिग्रॅम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम कणीक. पोळी लाटताना त्या पोळपाटावर जेवढं पीठ भुरभुरवतात, त्याहून कमी. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, ते या पिठाने हळूहळू झिजतात, आणि झिजताना आवाज करत नाहीत. उंची थांबते, हिमोग्लोबिन घसरतं, पोट मात्र दुखेलच असं नाही. पोळपाटावर ती चिमूट टाकून दाखवलीत की मला वाटतं त्या समजतील. माझ्या सासूबाई तिथेच समजल्या होत्या.

आणि एक आगाऊपणा करते: चॉकलेटवरून घरात एवढं रण माजलंय, तर फोडणीच्या डब्यातला हिंग एकदा बघा. आपल्याकडचा बांधणी हिंग खूपदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात बांधलेला असतो. डबीवर लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही. दोन वर्षं वरणात तो पडत असेल तर चॉकलेटला काय बोल लावायचा? ज्वारीची भाकर करत असाल तर ज्वारी कुठे दळता तेही बघा. चक्कीवाल्याने आधी गहू दळला असेल तर तुमच्या पहिल्या दोन किलोत तोच येतो.

म्हणजे मी तुमची झोप आणखी उडवली. थांबा.

तुम्ही विचारलंय, दोन वर्षं मीच गहू चारला का. याचं उत्तर कागदावर नाही, चिऊच्या रिपोर्टमध्ये आहे. तिची टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी निदानाच्या वेळी झालीच असेल, तेव्हा आकडा मोठा असेल. पथ्य नीट चाललं असेल तर तो महिन्यामहिन्याने उतरत जातो. मधल्या काळातले रिपोर्ट काढा, तारखेनुसार लावा. आकडा उतरलाय, उंची वाढलीय, मागच्या वर्षीचा फ्रॉक आखूड झालाय, तर ते चॉकलेट जसं होतं तसं तिला बहुधा बाधलं नाही, आणि तुम्ही स्वतःला फासावर चढवायचं थांबवा. आकडा अडकलाय किंवा वर्ष होऊन गेलं तरी तपासणीच केलेली नाही, तर तिच्या पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि या नव्या ओळीबद्दलही सांगा. त्यांना ते रॅपर दाखवलंत तर हसणार नाहीत. पण काहीही झालं तरी 'बघू तर, थोडा गहू देऊन काय होतं' हा प्रयोग घरात कोणालाही करू देऊ नका. हे वाक्य मी मिस्टरांसाठी लिहिलंय.

आता दुकानात रडलेली चिऊ. मला सगळ्यात जास्त तिचंच वाईट वाटलं. तिच्यासाठी ते चॉकलेट म्हणजे जगातली एक गोष्ट होती जी 'नाही' नव्हती. ओळ तुम्ही वाचलीत, चॉकलेट तुम्ही परत ठेवलंत, तिला फक्त हिसकावलं गेल्यासारखं झालं. पुढच्या वेळी वाचायचं काम तिला द्या. नऊ वर्षांची मुलगी 'डब्ल्यू-एच-ई-ए-टी' ओळखते, 'बार्ली' आणि 'माल्ट'ही शिकेल. दुकानात जायच्या आधीच ठरवा: दोन वेगळी चॉकलेटं उचलायची, दोन्ही तिने वाचायची, जे पास होईल ते घ्यायचं. मोबाइलचा कॅमेरा तिच्या हातात. माझी भाची अशीच शिकली, आता ती माझ्या चुका काढते. गोकुळपेठेत एकदा तिने भर काउंटरवर मला थांबवलं होतं, 'मावशी, खाली अजून एक ओळ आहे.' होती.

ग्लुटेन फ्री असं ठळक छापलेलं चॉकलेट नागपुरात आता मिळतं, धरमपेठेच्या मोठ्या दुकानांत, सदरला, किंवा घरपोच मागवून. महाग असतं. रोजचं नाही परवडत, सणाला घ्या. त्याच पाकिटावर 'ग्लुटेन फ्री'ही आणि 'मे कंटेन व्हीट'ही असं दोन्ही दिसलं तर मात्र कंपनीला विचारल्याशिवाय घेऊ नका. सुटं 'होममेड चॉकलेट' कोणाकडूनही नको, बनवणारी कितीही प्रेमाची असली तरी. ज्या ओट्यावर ती चॉकलेट साच्यात ओतते, त्याच ओट्यावर सकाळी केकचा मैदा चाळलेला असतो, आणि मैदा तासन् तास हवेत तरंगतो. केकचं सामान मिळतं त्या दुकानांत स्लॅब फोडून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत वजनावर देतात, तोही नको. बंद, छापील पाकीट मागा.

वाढदिवसाचं बोलू. वर्गात वाटायला तुम्ही जे द्याल ते चिऊलाही चालणारं असू द्या. तिच्याच वाढदिवसाला तिने बाकीच्यांना वाटायचं आणि स्वतः बघत बसायचं, हे नको. घटक छापलेलं मोठं पाकीट घ्या, आतल्या वड्या सुट्या निघतात ते, आणि बाहेरची पिशवी फेकू नका. वर्गात शेंगदाण्याची, दुधाची अ‍ॅलर्जी असलेलं मूल आहे का हे बाईंना आधी विचारा, आपल्याला जे भोगावं लागतं ते दुसऱ्याच्या आईला कशाला? संत्रा बर्फीचा विचार मनात येईल, नागपूरकर आहोत. पण मिठाईच्या दुकानात सुट्या बर्फीला आणि मैद्याच्या मिठाईला एकच चिमटा फिरतो.

आणि इतरांच्या वाढदिवसांचं काय? वर्षात तिच्या वर्गात पस्तीस वाढदिवस. एक छोटा डबा भरून बाईंकडे ठेवा, त्यात तुम्ही वाचलेल्या दहा-बारा वड्या. कोणी चॉकलेट दिलं की ते चिऊने घ्यायचं, थँक्यू म्हणायचं, घरी आणून भावाला किंवा बाबांना द्यायचं आणि बाईंकडून डब्यातली एक वडी घ्यायची. 'मला चालत नाही' असं पस्तीस वेळा म्हणण्यापेक्षा हे सोपं. डबा रिकामा झाला की तीच तुम्हाला आठवण करेल, खात्री बाळगा.

घरच्या वाढदिवसासाठी मात्र एक करून बघा. आंबिया बहाराची संत्री आली आहेत, स्वस्त आहेत. चार संत्र्यांच्या सालींच्या पट्ट्या कापा, आतला पांढरा धागा खरवडून. तीन वेळा पाणी बदलून उकळा, कडवटपणा जातो. मग साखरेच्या पाकात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि ताटात पसरून रात्रभर वाळवा. दुसऱ्या दिवशी वाचून पास झालेला डार्क चॉकलेटचा स्लॅब वितळवा. पातेलं कोरडं, चमचा कोरडा, वाफेचा थेंब नाही. पट्टी अर्धी बुडवायची, अर्धी केशरी ठेवायची, बटर पेपरवर मांडायची. बुडवायचं काम चिऊचं. पहिल्या पाच पट्ट्या बिघडतील, त्या तिथेच खाऊन टाका.

कंपनीचं उत्तर आलं की कळवा. तुमच्या पाकिटावर बॅच नंबरचं पहिलं अक्षर कोणतं होतं, तेही लिहा.